बातमीदाराची बढती

एखादा वार्ताहर काही वर्षे परदेशांत हिंडून आला आणि पुढे त्याने कादंबरी लिहिली, की त्याच्या आयुष्याची हकीकत सांगणारे लोक ती एका ठराविक साच्यात ओततात. आधी तारा पाठविण्याची उमेदवारी, मग युद्धे, क्रांत्या, तुरुंग, आणि शेवटी या सर्व अनुभवांचे सार्थक म्हणून कादंबरी! कारकुनाचा मामलेदार व्हावा तशी ही बातमीदाराची बढती झाली, असा त्या सांगण्याचा सूर असतो. आमच्याकडील साहित्यचर्चांतूनही हे मत इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, त्यात तपासून पाहण्यासारखे काही आहे याचाच विसर पडला आहे. कोणी हेमिंग्वेचे नाव घेतो, कोणी मार्केझचे, आणि बोलणे संपते. बातमी आज जन्मते व उद्या वाणी तिच्यात पुड्या बांधतो, कादंबरी मात्र टिकते. तेव्हा बातमी ही पायरी आणि कादंबरी हा कळस, असा हा सरळ हिशेब आहे.

हा हिशेब मला मान्य नाही. तो चुकीचा आहे एवढेच नव्हे, तर त्याच्या आड एक फार सोयीची पळवाट दडलेली आहे. जे ज्या दिवशी सांगावयास हवे होते ते त्या दिवशी सांगितले नाही तरी चालेल, पुढे कधीतरी त्याची कलाकृती होईलच, असा दिलासा हे मत लेखकास देते. गप्प बसण्याला इतके प्रतिष्ठित निमित्त दुसरे सापडणे कठीण. हे दाखविण्यासाठी मी मुद्दामच असा साक्षीदार बोलावतो की, ज्याला बढतीवादी मंडळी आपल्याच बाजूचा समजतात. तो म्हणजे आर्थर कोस्लर.

कोस्लर हा बुडापेस्टचा ज्यू. जन्म ५ सप्टेंबर १९०५ चा. व्हिएन्नात यंत्रविद्येचे शिक्षण अर्धवट टाकून तो १९२६ साली पॅलेस्टाइनला गेला आणि तेथे बरेच दिवस अर्धपोटी राहिला. १९२७ मध्ये बर्लिनच्या उल्स्टाइन या बलाढ्य वृत्तपत्रसंस्थेने त्याला जेरुसलेमचा आपला वार्ताहर नेमले. तेथून १९२९ मध्ये पॅरिस, १९३० मध्ये बर्लिन, आणि १९३१ च्या उन्हाळ्यात ग्राफ झेपेलिन या महाकाय वायुनौकेतून उत्तर ध्रुवप्रदेशाची सफर. पंचविशीतील तरुणाला याहून अधिक काय हवे? त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो जर्मन कम्युनिस्ट पक्षात शिरला आणि लवकरच उल्स्टाइनची नोकरी गमावून बसला. येथवरचा भाग चरित्रकार मोठ्या चवीने सांगतात. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. माझा विषय सुरू होतो तो १९३२ च्या उन्हाळ्यात, तो सोव्हिएट रशियात गेला तेथून.

क्रांतिकारी लेखकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आमंत्रणावरून तो गेला होता. पंचवार्षिक योजनेच्या चमत्कारांवर त्याने एक पुस्तक लिहावे अशी अपेक्षा होती. कॉकेशस, तुर्कमेनिस्तान असा प्रवास करून १९३२-३३ चा हिवाळा त्याने मुख्यतः युक्रेनमधील खारकोव्ह शहरात काढला. तो हिवाळा कोणता होता हे आज जगाला ठाऊक आहे. सरकारने शेतकऱ्यांच्या घरचे धान्य जबरीने उचलून नेले होते. खेड्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा अडविल्या होत्या. आणि एकट्या युक्रेनात पस्तीस लाखांहून अधिक माणसे अन्नावाचून मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोस्लरने हे पाहिले. आगगाडीच्या खिडकीशी आपली पोरे उचलून धरणाऱ्या बायका त्याने पाहिल्या. त्या पोरांची काड्यांसारखी हातपाये आणि फुगलेली पोटे पाहिली. खारकोव्हच्या स्थानिक वृत्तपत्रात कारखान्यांचे विक्रम रोज छापून येत आणि भुकेबद्दल एक अक्षर नसे, हेही त्याने पाहिले. पाहण्याच्या बाबतीत हा वार्ताहर कोठेही कमी पडला नाही.

आणि त्याने काय लिहिले? प्रवासवर्णन लिहिले. ते खारकोव्हलाच जर्मन भाषेत, काटछाट होऊन छापले गेले, आणि त्यात दुष्काळ नाही. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितले आहे की, डोळ्यांना बोचणारे जे जे दिसे ते जुन्या राजवटीचा वारसा म्हणून एका कप्प्यात टाकावे आणि जे जे बरे दिसे ते भविष्याचे बीज म्हणून दुसऱ्या कप्प्यात ठेवावे, अशी सवय त्याने मनाला लावून घेतली होती. ही कबुली प्रामाणिक आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो की लेखकाने डोळे उघडे ठेवावेत. कोस्लरचे डोळे सताड उघडे होते. फक्त डोळ्यांमागे दोन कप्प्यांची पेटी होती.

आता त्याच शहराकडे येणारा दुसरा एक तरुण पाहा. गॅरेथ जोन्स हा वेल्सचा. जन्म १३ ऑगस्ट १९०५ चा, म्हणजे कोस्लरहून अवघ्या तेवीस दिवसांनी वडील. त्याला रशियन भाषा उत्तम येत होती. १९३३ च्या मार्चमध्ये मॉस्कोहून खारकोव्हच्या गाडीत बसून तो मध्येच एका लहान स्टेशनावर उतरला, पाठीवर खाण्याचे सामान घेऊन रुळांच्या कडेने गावागावांतून पायी चालला, शेतकऱ्यांच्या झोपड्यांत झोपला, आणि जो भेटेल त्याचे म्हणणे वहीत टिपून घेत गेला. महिन्याच्या अखेरीस बर्लिनला पोहोचताच त्याने पत्रकारांपुढे उभे राहून सांगून टाकले की, तेथे दुष्काळ आहे आणि माणसे मरत आहेत. लगेच दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्को येथील वार्ताहर वॉल्टर ड्युरंटी याने त्याला जाहीरपणे खोडून काढले: लोकांना अन्नाची टंचाई भासते खरी, पण भूकमरी मात्र नाही, असा त्याचा शब्दच्छल होता. ड्युरंटीला आदल्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेले. जोन्स सत्तावीस वर्षांचा पोर. कोणावर विश्वास ठेवला गेला हे सांगणे नलगे.

याच महिन्यात माल्कम मगरिज नावाच्या आणखी एका वार्ताहराने मँचेस्टर गार्डियन पत्राला परराष्ट्रवकिलातीच्या टपालातून चोरून तीन लेख पाठविले. ते निनावी छापले गेले. पुढे १९३४ मध्ये त्याने मॉस्कोतील परदेशी वार्ताहरांच्या लाचारीवरच एक कादंबरी लिहिली. आणि गंमत अशी की, ड्युरंटीनेही कादंबरी लिहिली आहे! १९३७ साली तीही प्रसिद्ध झाली, रशियन क्रांतीच्याच विषयावर. तेव्हा बढतीचा नियम लावायचा तर ज्याने खोटे सांगितले तो, ज्याने खरे सांगितले तो आणि ज्याने काहीच सांगितले नाही तो, असे तिघेही सारखेच वरच्या पायरीवर चढले. मागे राहिला तो एकटा जोन्स. त्याने कादंबरी लिहिली नाही. लिहिण्यास त्याला आयुष्यही मिळाले नाही. १९३५ च्या ऑगस्टमध्ये, तिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, मंगोलियाच्या सरहद्दीकडे दरोडेखोरांनी त्याला पळवून ठार मारले.

कोणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे. कोस्लरने पुढे जे लिहिले ते जोन्सच्या हातून कधीच झाले नसते. मला हे अगदी मान्य आहे. ‘डार्कनेस ॲट नून’ ही विसाव्या शतकातील थोर कादंबऱ्यांपैकी एक आहे, याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. माझा वाद आहे तो ती कशातून आली याविषयी. ती वार्ताहराच्या अनुभवसंपन्नतेतून आली, असे बढतीवादी म्हणतात. मी म्हणतो, ती वार्ताहराच्या अपराधातून आली; आणि आली तीदेखील त्याने वार्ताहरकीच्या सगळ्या सवयी टाकून दिल्या तेव्हा.

याला पुरावा म्हणून प्रथम त्याचे ‘स्पॅनिश टेस्टामेंट’ हे पुस्तक घ्यावे. १९३७ च्या फेब्रुवारीत मालागा शहर फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले तेव्हा इतर वार्ताहर निघून गेले, कोस्लर मात्र मागे राहिला. न्यूज क्रॉनिकल या इंग्रजी पत्रासाठी तो तेथे होता. ९ फेब्रुवारीस त्याला पकडण्यात आले, आणि मेपर्यंत, बहुतेक काळ सेव्हिलच्या तुरुंगात, तो एकांत कोठडीत होता. शेजारच्या कोठड्यांतील माणसे रात्री बाहेर काढून गोळ्या घातल्या जात. आज आपली पाळी आहे की नाही हे कळण्यास पावलांचा आवाज दारावरून पुढे जाईपर्यंत थांबावे लागे. इंग्लंडात त्याच्यासाठी मोठी चळवळ झाली आणि शेवटी एका फ्रँकोपक्षीय वैमानिकाच्या पत्नीच्या बदल्यात तो सुटला. त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात स्पेनमधील युद्धाचा वृत्तान्त, शत्रूच्या अत्याचारांची जंत्री. हा भाग पॅरिसमधील पक्षाच्या प्रचारखात्याच्या तालमीत तयार झालेला. दुसऱ्यात सेव्हिलच्या कोठडीतील दिनचर्या. १९४२ मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा लेखकाने पहिला भाग स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि केवळ दुसरा ठेवला. एखाद्या लेखकाने आपल्याच आयुष्यावर दिलेला याहून स्पष्ट निवाडा मला ठाऊक नाही. ज्यात तो सर्वांच्या वतीने, सर्व काही ठाऊक असल्याच्या आवेशात बोलतो ते मेले. ज्यात चार भिंतींपलीकडचे त्याला काही दिसत नाही ते जगले.

१९३८ मध्ये, मॉस्कोत बुखारिनवरील खटला चालू असतानाच्या वसंतात, त्याने पक्ष सोडला. त्यानंतर लिहिलेल्या ‘डार्कनेस ॲट नून’चा नायक रुबाशोव्ह हा जुना क्रांतिकारक स्वतःच्याच पक्षाच्या तुरुंगात आहे आणि न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देण्याकडे पायरीपायरीने ढकलला जात आहे. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या कादंबरीत रशियाचे नाव नाही. स्टालिनचे नाव नाही. भिंतीवर चित्र आहे ते केवळ ‘क्रमांक एक’चे. स्थळ, काळ, नाव ही तीन जर बातमीतून काढली तर बातमीत उरते काय? कोस्लरने तीच तीन काढली. सोव्हिएट तुरुंगाचे त्याला प्रत्यक्ष दर्शनही नव्हते. कोठडीतील भीती त्याने सेव्हिलहून आणली. आणि तिकडच्या तुरुंगाची माहिती बालपणीची मैत्रीण एव्हा स्ट्रायकर हिच्याकडून मिळविली. ती कुंभकलेतील कलावती सोळा महिने सोव्हिएट कोठडीत काढून बाहेर आली होती. म्हणजे वार्ताहर म्हणून जे त्याने डोळ्यांनी पाहिले त्यावर त्याने खोटे पुस्तक लिहिले, आणि जे कधी पाहिले नाही त्यावर खरे. ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दाचा आमच्या समीक्षेत जो जयघोष चालतो तो करणाऱ्यांनी या गोष्टीचा काय अर्थ लावावा ते लावावा.

परंतु या कादंबरीचे मर्म आणखी आत आहे. रुबाशोव्हची आर्लोव्हा नावाची एक लेखनिक आहे. ती त्याच्यावर प्रेम करते, त्याच्यावर विश्वास टाकते. आणि तिच्यावर बालंट येते तेव्हा तो स्वतःच्या बचावासाठी तिला वाऱ्यावर सोडतो. तिला ठार केले जाते. कोठडीत त्याला ती आठवते. तिचा आवाज, तिची मान, तिच्या चपलांची टाच. तर्काने प्रत्येक कृत्याचे समर्थन करणाऱ्या या माणसाचा तर्क तेथे अडखळतो. कोस्लरने आत्मचरित्रात कबूल केले आहे की, रशियातील प्रवासात बाकू येथे नादेझ्दा नावाची जी स्त्री त्याच्या सहवासात आली, तिच्याविषयीचा आपला संशय त्याने अधिकाऱ्यांच्या कानी घातला, आणि पुढे तिचे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. आर्लोव्हाची पाने वाचताना मला नेहमी नादेझ्दा आठवते. आगगाडीच्या खिडकीबाहेरची पोरेही आठवतात. ती कादंबरीत कोठेच नाहीत. पण रुबाशोव्हला जो दातदुखीसारखा ठणका एकसारखा छळतो, तो त्यांचाच आहे असे मी समजतो.

तेव्हा बढतीवाद्यांना माझा प्रश्न असा: या बढतीचे मोल कोणी दिले? कादंबरी १९४० च्या डिसेंबरात लंडनला निघाली. (लेखक त्या वेळी पुन्हा तुरुंगातच होता, संशयित परकी म्हणून इंग्रजांनी त्याला पेन्टनव्हिलला ठेवले होते.) युक्रेनमधील पोरांना मरून सात वर्षे झाली होती. ज्या वर्षी जगातील चार वजनदार वार्ताहरांनी एकमुखाने खरे सांगितले असते तर काही धान्य, काही दबाव, काही लाज तरी निर्माण झाली असती, ते वर्ष १९३३ होते. १९४० मधील सत्य आत्म्यास शांती देऊ शकते, पोटास नव्हे. बंगालच्या दुष्काळाचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समन पत्राचे संपादक इयान स्टीफन्स यांनी रस्त्यात मरून पडणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली आणि दिल्लीपासून लंडनपर्यंत जे झाकून ठेवले होते ते उघड्यावर आणले. त्यांनी ती छायाचित्रे मनात मुरवत ठेवून १९५० मध्ये एक उत्तम कादंबरी लिहिली असती, तर आम्ही त्यांना कलावंत म्हटले असते का? कदाचित म्हटलेही असते, आणि तेच माझे दुखणे आहे.

कोस्लरच्या पुढील कादंबऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘थीव्हज इन द नाइट’ (१९४६) मध्ये पॅलेस्टाइनमधील ज्यू वसाहत आहे. ‘द एज ऑफ लाँगिंग’ (१९५१) मध्ये रशियाच्या भयाने ग्रासलेले पॅरिस आहे. दोन्हींत माहिती भरपूर, वादविवाद चटकदार, आणि माणसे एकेका मताच्या खुंटीला अडकविलेली. वार्ताहर परत आला होता. ती आज वाचताना जुन्या वृत्तपत्रांची बांधीव फाइल चाळल्यासारखे होते. माझ्या मताप्रमाणे त्याची कारकीर्द चढण नव्हे. एक शिखर आणि दोन्ही बाजूंस मैदान, असाच तिचा नकाशा आहे.

या मैदानातील एक मुक्काम आपल्या अंगणात आहे, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. १९५८-५९ च्या हिवाळ्यात कोस्लर भारतात आला आणि पुढे जपानला गेला. त्या प्रवासावरचे ‘द लोटस अँड द रोबॉट’ १९६० मध्ये निघाले. मुंबईस विमानातून उतरल्याबरोबर नाकाशी आलेल्या दुर्गंधीपासून त्यातील भारत सुरू होतो. विनोबाजी, कांचीचे शंकराचार्य, आनंदमयी माँ आणि त्रिवेंद्रमचे कृष्ण मेनन ऊर्फ आत्मानंद या चौघांना तो भेटतो, प्रश्न विचारतो, उत्तरे टिपून घेतो. योगाची छाननी करतो. गांधीजींवर कठोर लिहितो. आणि पश्चिमेस शिकविण्यासारखे पूर्वेकडे आता काही नाही, अशा निर्णयाने घरी परततो. गांधीजींवरील मजकुरामुळे भारत सरकारने पुस्तकाच्या आयातीस बंदी केली. ती बंदी मला तेव्हाच्या राज्यकर्त्यांस न शोभणारी वाटते. पुस्तकात बोचणारे खरेही पुष्कळ आहे. घाण आहे ती आहे, आणि बुवाबाजीवर आमच्या आगरकरांनी याहून तिखट लिहिले आहे. बंदीने एवढेच केले की, कोस्लरला उत्तर देण्याच्या कष्टांतून आम्ही सुटलो. ते उत्तर अवघड नव्हते. खारकोव्हची पेटी त्याने बरोबर आणली होती. फक्त कप्प्यांवरची नावे बदलली होती. तेव्हा भूतकाळ आणि भविष्यकाळ, आता कमळ आणि यंत्रमानव. एका हिवाळ्यात एवढा देश पाहून जो निकाल देतो त्याला आपण प्रवासी म्हणू, पत्रकार म्हणू. पण रुबाशोव्हच्या एका दातासाठी पानेच्या पाने थांबणारा लेखक तो हा नव्हे.

कादंबरीकार झाल्याने मनुष्य अंतर्बाह्य थोर होतो, अशीही एक भाबडी समजूत या बढतीच्या कल्पनेस चिकटलेली आहे. तिची वासलात कोस्लरच्या चरित्रकारांनीच लावली. १९५२ साली त्याने आपल्यावर बलात्कार केला, असे जिल क्रेगी या चित्रपटदिग्दर्शिकेने सांगितल्याचे १९९८ मध्ये निघालेल्या चरित्राने जगापुढे आले, आणि एडिंबरा विद्यापीठाने त्याचा अर्धपुतळा दर्शनी जागेवरून हलविला. १ मार्च १९८३ रोजी, कंपवाताने व रक्ताच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या कोस्लरने लंडनच्या राहत्या घरी आत्महत्या केली. त्याच्याबरोबर पत्नी सिंथियानेही केली. ती पंचावन्न वर्षांची होती आणि तिला कोणताही असाध्य आजार नव्हता. यावर मी काही लिहीत नाही.

‘डार्कनेस ॲट नून’ची मूळ जर्मन संहिता १९४० च्या धावपळीत हरवली. जगाने जी वाचली ती डॅफ्नी हार्डी या तरुण शिल्पकार मैत्रिणीने घाईघाईने केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून. २०१५ मध्ये झुरिकच्या ग्रंथालयात एका जर्मन संशोधकाला मूळ टंकलिखित सापडले आणि २०१९ मध्ये त्यावरून नवे इंग्रजी भाषांतर निघाले. विद्वानांनी आनंद मानला, मीही मानला. योगायोग असा की, त्याच २०१९ मध्ये गॅरेथ जोन्सवर ॲग्निएश्का होलांड या पोलिश दिग्दर्शिकेचा चित्रपट आला. ज्याची आठवण जवळजवळ पुसली गेली होती त्या पोराला अखेर न्याय मिळाला, म्हणून मी तो मोठ्या उत्सुकतेने पाहिला. चित्रपट चांगला आहे. पण त्याच्या आरंभी टंकलेखनयंत्राशी बसलेला दिसतो तो जॉर्ज ऑर्वेल. ‘ॲनिमल फार्म’ लिहिणारा ऑर्वेल. जोन्सची हकीकत ऐकून त्याला ती कादंबरी सुचली असे सूचित केले आहे, आणि दोघांची भेटही दाखविली आहे. अशी भेट झाल्याचा पुरावा नाही. रुळांच्या कडेने चालत जाऊन त्याने जे वहीत लिहिले आणि ज्या आठवड्यात लिहिले त्याच महिन्यात जगाला ओरडून सांगितले, तेवढे त्याच्या मोठेपणाला पुरेसे वाटले नाही. त्याच्या शेजारी एक कादंबरीकार आणून बसवावा लागला.